पैशांचं विचारलंस का?

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस साताऱ्याहून ताईचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"तुझ्या भाचीला दिल्लीला यायचंय," ती म्हणाली. "दोन महिन्यांचं काहीतरी काम आहे म्हणे. झाडं मोजायची. पैसे मात्र एक दमडी देणार नाहीत. आता तूच सांग, झाडं काय साताऱ्यात नाहीत?"

मी हसले, पण ताई हसली नाही. तिच्या न हसण्यामागे हिशेब होता. भाची पुण्याला पर्यावरणशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. भाऊजींचे साताऱ्यात वह्या-पुस्तकांचे लहानसे दुकान. आदल्या सुट्टीत भाचीने पुण्यातच एका शिकवणी वर्गात पेपर तपासण्याचे काम केले होते आणि त्यातून तिच्या पुढच्या काही महिन्यांच्या मेसचे पैसे सुटले होते. या वर्षीही घरात तेच गृहीत धरले होते. दिल्लीला यायचे म्हणजे ते पैसे बुडणार, शिवाय जाण्यायेण्याचे भाडे पदरचे.

"पाठव गं तिला," मी म्हटले. "राहायला मावशीचं घर आहे, जेवायला मावशीच्या हातचं आहे. पोरीला अनुभव मिळेल."

इतके बोलून मी फोन ठेवला आणि स्वतःवरच खूश झाले. मोठ्या मनाची मावशी! या अनुभवाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही. खरे तर तो मला सर्वांत आधी पडायला हवा होता.

झाडाचे माप छातीशी

मे महिन्याच्या मध्यावर भाची गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरली. पाठीवर एक बॅग, हातात ताईने दिलेला लाडवांचा डबा. पर्यावरणावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचा तो प्रकल्प होता. दक्षिण दिल्लीतल्या सरकारी वसाहतींच्या रस्त्यांवर किती झाडे उरली आहेत, ती कशा अवस्थेत आहेत आणि त्यांच्या सावलीने रस्ता किती थंड राहतो, याची नोंद करायची होती. त्यासाठी चार विद्यार्थी घेतले होते. भाचीच्या वाट्याला सरोजिनी नगर आले.

ते नाव ऐकताच माझ्या पोटात काहीतरी हलले. मी सरोजिनी नगरातच वाढले. वडील केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून. दोन खोल्यांचा सरकारी क्वार्टर, मागे अंगण, पुढे कडुनिंब. जुनी माणसे या भागाला विनयनगर म्हणत. हिवाळ्यात सारी गल्ली अंगणात चटया टाकून ऊन खात बसे. शेजारच्या पंजाबी काकू स्वेटर विणत आणि आई त्यांना चकलीच्या भाजणीचे प्रमाण सांगे. उन्हाळ्याच्या रात्री त्याच कडुनिंबाखाली खाटा पडत.

ती वसाहत आता उरलेली नाही. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या सात जुन्या सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. त्यात सरोजिनी नगरही होते. बुटकी घरे पाडून त्या जागी उंच इमारती बांधायच्या ठरल्या. त्यासाठी हजारो झाडे तोडली जाणार हे जून २०१८ मध्ये लोकांना कळले, तेव्हा रहिवासी आणि कॉलेजची मुले सरोजिनी नगरात झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्या वेळी तोड थांबली.

त्या दिवसांत मला एक गोष्ट जाणवली होती. जो तो आकडा विचारत होता. मुळात झाडे किती? तोडली किती? बदल्यात लावली किती आणि त्यांतली जगली किती? रोज वर्तमानपत्रात वेगळा आकडा. झाड वाचवायचे तर आधी ते मोजावे लागते आणि मोजायला माणूस लागतो. ते माणूस होण्यासाठी माझी भाची साताऱ्याहून आली होती.

पहिल्याच रविवारी मी तिच्याबरोबर गेले. आम्ही हल्ली राहतो ते पूर्व किदवई नगर तिथून फार लांब नाही. दिल्लीच्या मे महिन्यात नऊनंतर रस्त्यावर उभे राहवत नाही, म्हणून पहाटे साडेपाचलाच निघालो. भाचीने पिशवीतून शिंप्याकडे असते तशी टेप काढली, जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याभोवती गुंडाळली आणि घेर लिहून घेतला.

"झाडाचं माप छातीशी घेतात मावशी," ती म्हणाली. "ब्लाउजसारखं."

मग झाडाची जात, फांद्यांची स्थिती, खोडाला ठोकलेले खिळे, बुडाशी किती माती मोकळी आहे, हे सारे वहीत. बऱ्याच झाडांच्या गळ्याशी सिमेंट आले होते. झाडाभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाका, असे राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या यंत्रणांना २०१३ मध्येच सांगितले होते, हे मला भाचीकडून कळले. मी या शहरात इतकी वर्षे राहिलेली, पत्रकार म्हणवणारी, आणि ते सांगत होती ही वीस वर्षांची मुलगी.

दुपारी ती पुन्हा एक फेरी मारी. करोनाच्या काळात दुकानांच्या दारात कपाळासमोर धरायचे तसल्या बंदुकीसारख्या थर्मामीटरने रस्त्याचे तापमान घेई. एके दिवशी घरी येऊन सांगू लागली, "जुन्या पिंपळाच्या सावलीतला रस्ता शेजारच्या उन्हातल्या रस्त्यापेक्षा वीस अंशांनी थंड होता मावशी! वीस!" तोंड उन्हाने लालबुंद झाले होते, पण डोळे चमकत होते.

आमचा क्वार्टर जिथे असावा असे मला वाटत होते, तिथेही आम्ही गेलो. ओळखीचे काही सापडेना. एका कुंपणाला लागून एक जुना कडुनिंब मात्र उभा होता. भाचीने त्याचा घेर घेतला. दोन मीटर चाळीस सेंटिमीटर. "हाच का तुमचा?" तिने विचारले. मला सांगता आले नाही. तिने वहीत क्रमांक घातला आणि पुढच्या झाडाकडे गेली.

वहीची मागची पाने

जूनमध्ये एकदा ती आंघोळीला गेली असताना मी टेबल आवरायला घेतले. वही उलटी पडली होती. मागच्या पानांवर वेगळ्याच नोंदी होत्या. मेट्रो, ई-रिक्षा, पाण्याची बाटली, लिंबूपाणी, दुपारचे जेवण, नकाशाच्या झेरॉक्स. झाडांच्या नोंदीइतक्याच नेटक्या रकान्यांत. संस्थेचे कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होते आणि दिवसाआड तिथे जावे लागे. सरासरी काढून तिने लिहिले होते : रोजचे १७० रुपये. आठवड्याचे सहा दिवस, आठ आठवडे, म्हणजे ८,१६० रुपये. रेल्वेचे जाण्यायेण्याचे १,५००. शिकवणी वर्गाचे दोन महिन्यांचे बुडालेले १२,०००. एकूण २१,६६०.

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. याला आपण फुकट काम म्हणतो. हे फुकट कुठे होते? भाऊजींच्या दुकानातून एकवीस हजार रुपये मोजून घेतलेले काम होते ते. शिवाय माझे घर तिने हिशेबात धरलेच नव्हते. दिल्लीत दोन महिने खाट आणि दोन वेळचे जेवण विकत घ्यावे लागले असते, तर हा आकडा कुठे गेला असता? ज्या मुलीला दिल्लीत मावशी नाही, तिने काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर मला त्याच आठवड्यात मिळाले. भाचीच्या चौघांच्या गटात सोनीपतहून रोज ये-जा करणारा एक मुलगा होता. त्याचे वडील रोपवाटिकेत माळी. भाची पान हातात घेऊन पुस्तक चाळेपर्यंत हा लांबूनच नाव सांगून मोकळा होई. हा सिरीस, हा अर्जुन, ही सप्तपर्णी. दुसऱ्या आठवड्यानंतर तो यायचा बंद झाला. जाण्यायेण्याचे पैसे परवडेनात. चौघांत ज्याला झाडे सर्वांत जास्त कळत होती, तोच आधी गळाला.

बाजारातली वाघीण

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही सरोजिनी नगरच्या बाजारात गेलो. हा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. परदेशी पाठवण्यासाठी शिवलेले आणि मागे राहिलेले कपडे इथे ढिगाने मिळतात. इथे सांगितलेल्या किमतीला वस्तू घेणारा माणूस बाहेरगावचा, असे समजायचे. भाचीने एक टॉप उचलला.

"साडेतीनशे," दुकानदार म्हणाला.

"दीडशे," भाची म्हणाली. एक शिलाई उसवलेली दाखवली, रंग जाईल अशी शंका काढली, टॉप खाली ठेवला आणि सरळ चालू लागली. चार पावलांवर हाक आली. एकशे ऐंशीला टॉप पिशवीत पडला. मी थक्क झाले.

गोलगप्पे खाताना मी विचारले, "काय गं, इथे वाघीण होतेस. संस्थेत पैशांचं विचारलंस का?"

तिचा चेहरा एकदम बदलला. "तिथं कसं विचारणार मावशी? त्यांना वाटेल, मी पैशांसाठीच आलेय. आईनं सांगितलंय, शिकायला जातेयस, मागायला नाही."

ताईचे तरी काय चुकले? आम्हा दोघी बहिणींना आमच्या आईने हेच शिकवले होते. पाहुण्याने हातावर ठेवलेले पैसे दोनदा नको म्हणायचे. कोणाचे काम केले तर 'द्या तुम्हाला वाटेल ते' म्हणायचे. पैशांची भाषा तोंडी आली की माणूस हलका ठरतो, असे आम्ही समजत आलो. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालताना मात्र आमची जीभ अडखळत नाही. कष्ट करणाऱ्याकडून कमी करून घ्यायला आम्ही शिकलो. आपल्या कष्टाचे मागायला शिकलो नाही.

फरक लेखणीचा नव्हता

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला माझे जुने दिवस आठवत होते.

पत्रकारितेचा डिप्लोमा झाल्यावर मी एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात उमेदवारी केली. सहा महिने बिनपगारी. "काम शिकताय ना? मग पैसे कसले?" असे पहिल्याच दिवशी सांगण्यात आले आणि मी मान डोलावली. माझ्याबरोबर बिहारमधल्या एका लहान गावातून आलेली मुलगी होती. तिची बातमी माझ्या बातमीपेक्षा नेहमी सरस असे. आमचे वरिष्ठ तिचा मजकूर मला वाचायला देत आणि म्हणत, "असं लिहायला शिका."

चौथ्या महिन्यात ती आली नाही. खोलीचे भाडे थकले होते. पुढे ती कुठल्याशा दुकानात हिशेब लिहायला लागल्याचे कानावर आले. सहा महिने संपल्यावर ती जागा मला मिळाली. आजवर मी हे कोणाला सांगितले नव्हते. घरच्यांनाही मी हेच सांगत आले की, चिकाटीने टिकले. मी टिकले, कारण संध्याकाळी परतायला वडिलांचा क्वार्टर होता आणि ताटात आईने वाढलेले होते. आम्हा दोघींत फरक लेखणीचा नव्हता, क्वार्टरचा होता.

आणि आता मीच ताईला मोठ्या तोऱ्यात सांगितले होते, "अनुभव मिळेल."

आपल्याकडे या विषयात पटकन सलीम अलींचे उदाहरण दिले जाते. १९२६ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात निसर्गविज्ञान विभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून त्यांना नोकरी मिळाली. पुढे ते अभ्यासासाठी जर्मनीला गेले. १९३० मध्ये परत आले तेव्हा पैशांअभावी ती जागा राहिली नव्हती. मग त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम हलवला आणि तिथे सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटी विणतो, मादी ती पारखून एक पसंत करते, आणि ती तिथे स्थिरावली की नर दुसरे घरटे विणून दुसरी मादी बोलावतो, हे त्यांनी तासन्तास बसून नोंदवले. हा अभ्यास पुढे गाजला.

'पाहा, पगार नसतानाही केवढे काम झाले!' असे आपण मुलांना सांगतो. पण त्या वेळी सलीम अलींच्या डोक्यावर छप्पर होते आणि पत्नी तेहमिना यांची भक्कम साथ होती. त्यांची निष्ठा मोठीच. पण तशीच निष्ठा असलेले आणि तसे छप्पर नसलेले किती जण परस्पर दुसऱ्या कामाला लागले असतील? त्यांची चरित्रे कोण लिहिणार?

एक पान

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला समोर बसवले. "मागायचं नाही," मी म्हटले, "फक्त विचारायचं. आणि विचारताना हातात कागद ठेवायचा."

आम्ही मिळून एक पान लिहिले. वर तिने चार आठवड्यांत केलेले काम : ८४२ झाडांची मोजणी, इतक्या ठिकाणच्या तापमानाच्या नोंदी, इतके नकाशे. खाली रोजचा खर्च. शेवटी दोन वाक्ये. प्रवास आणि जेवणाचा खर्च संस्था देऊ शकेल का? उरलेल्या महिन्यासाठी काही मानधन शक्य आहे का? आणि भाचीने आपणहून एक ओळ वाढवली, हे आमच्या चौघांसाठी विचारते आहे.

ती गेली तेव्हा परीक्षेला निघाल्यासारखी दिसत होती. परतली ती विचारात पडलेली.

"रागावले का गं?"

"नाही मावशी. म्हणाले, आमच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांसाठी तरतूदच केलेली नाही. आणि म्हणाले, इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही."

मला हसावे की रडावे कळेना. वर्षामागून वर्षे मुले येत होती, पदरमोड करत होती, आणि लाजेने गप्प राहत होती. देणाऱ्याला वाटत होते, गरज नाही. घेणाऱ्याला वाटत होते, पद्धत नाही.

आठवड्याभराने निरोप आला. प्रवास आणि जेवणाचा खर्च सर्वांना पहिल्या दिवसापासून मिळेल, आणि दुसऱ्या महिन्याचे मानधन म्हणून प्रत्येकी चार हजार रुपये. पुढच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात विद्यार्थ्यांचा खर्च आधीच धरू, असेही त्यांनी सांगितले. रक्कम फार नव्हती. भाचीच्या हिशेबातला खड्डा तिने पूर्ण भरला नाही. पण त्या दिवशी तिने ताईला फोन करून आकडा सांगितला, तेव्हा पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग ताई म्हणाली, "चार हजार? झाडं मोजून?"

भाचीने सोनीपतच्या मुलालाही फोन केला. तोपर्यंत त्याने घरोघर पार्सल पोचवण्याचे काम धरले होते. तो परत आला नाही.

सुट्टीचे काम दिवाळीत शोधा

या प्रसंगानंतर मी या विषयाची थोडी माहिती काढली. ज्यांच्या घरी विज्ञान शिकणारी मुले आहेत, त्यांच्या ती उपयोगी पडेल.

आपल्याकडे पर्यावरण शिकवण्याची कमतरता नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याची दिशा दाखवली, आणि आज कोणत्याही शाखेचा विद्यार्थी तो शिकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासात इंटर्नशिपलाही क्रेडिट मिळू लागले आहे. म्हणजे हे काम आता हौसेचे राहिलेले नाही, अभ्यासाचा भाग होते आहे. मग त्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न घरोघरी येणारच.

पैसे देणाऱ्या चांगल्या संधी आहेत. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिन्ही संस्था मिळून विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती चालवतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला दोन महिने एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाकडे काम करता येते, विद्यावेतन मिळते आणि प्रवासखर्चही. जीवशास्त्र, रसायन, पृथ्वीविज्ञान अशा शाखांतून पर्यावरणाकडे ओढा असलेल्या मुलांना तिथे वाट सापडते. मात्र अर्ज मागवले जातात ते नोव्हेंबरच्या सुमारास. आपली मुले एप्रिलमध्ये शोधू लागतात, तेव्हा दारे बंद झालेली असतात. सुट्टीचे काम दिवाळीच्या फराळाबरोबरच शोधायचे असते.

अमेरिकेत तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सशुल्क नव्हे, तर सवेतन उन्हाळी संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला. तो प्रामुख्याने तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे, पण त्यामागचा विचार आपल्यालाही घेण्यासारखा आहे. विद्यार्थी हा संशोधनातला हात आहे, आणि हाताला मोबदला असतो.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली तेव्हा ताईने मोठ्या आशेने कात्रण कापून ठेवले होते. महिना पाच हजार रुपये, बारा महिने. पण सुरुवातीच्या नियमांप्रमाणे ती २१ ते २४ वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्या तरुणांसाठी होती. कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला तिचा उपयोग नव्हता. तेव्हा नाव बघून हुरळून जाऊ नये, नियम शेवटपर्यंत वाचावेत. काही ठिकाणी तर विद्यार्थ्यालाच प्रशिक्षणाची फी भरावी लागते. ती भरायची की नाही, हे घरात बसून ठरवावे. कोणी भरते म्हणून भरू नये.

आणि होकार कळवण्याआधी काही गोष्टी लेखी विचाराव्यात. विद्यावेतन किती आणि कधी मिळणार? प्रवास, जेवण, राहणे यांचा खर्च कोणाचा? रोज किती तास काम? उन्हातान्हात जायचे असेल तर सोबत कोण आणि दुखापत झाल्यास जबाबदारी कोणाची? केलेल्या कामावर विद्यार्थ्याचे नाव येणार का? यातल्या एकाही प्रश्नात लाचारी नाही. जी संस्था चांगली आहे ती उत्तर देते. जी या प्रश्नांनी रागावते, तिच्याकडे शिकायला जाण्याआधी दोनदा विचार करावा.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. बिनपगारी काम करूच नये, असे मी म्हणणार नाही. भाचीने त्या दोन महिन्यांत जे शिकले, ते तिला वर्गात मिळाले नसते. पण त्याची किंमत आपण देत आहोत, हे माहीत असू द्यावे. घरच्या हिशेबात तो खर्च खर्च म्हणून लिहावा. आणि आपल्याला परवडले म्हणून सर्वांना परवडते, असे समजू नये. उद्या शहरातली झाडे, नद्या, हवा मोजणारी माणसे फक्त ज्यांना मावशीचे घर आहे त्यांच्यातूनच येऊ लागली, तर ज्या वस्त्यांत सावली सर्वांत कमी आहे तिथले ऊन कोण मोजणार?

जुलैमध्ये भाची साताऱ्याला परतली. जाण्याआधी तिने मला तिच्या यादीतले एक पान दिले. त्यावर कुंपणालगतचा तो कडुनिंब होता. क्रमांक, घेर, आणि शेरा : प्रकृती चांगली, बुडाशी सिमेंट, काढणे आवश्यक. ते पान मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे.

नोव्हेंबरमध्ये तिने अकादमीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. निकाल यायचा आहे. मध्यंतरी पुण्याच्याच एका संस्थेने तिला सुट्टीत नदीच्या पाण्याचे नमुने तपासायला याल का, असे विचारले. ती बातमी सांगायला तिने घरी फोन लावला आणि मलाही जोडून घेतले. भाची उत्साहाने सांगत होती, कोणती नदी, कुठले घाट, कसली उपकरणे.

ताईने सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाली, "छान आहे गं. पैशांचं विचारलंस का?"